इंजिनिअरिंगचं कॉलेज बदलायचंय? दुसऱ्या वर्षाला बदली की पुन्हा सीईटी

पहिल्या वर्षाचा निकाल हातात आला की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. कुणाला घराजवळ यायचं असतं, कुणाला हॉस्टेलचा खर्च झेपत नसतो, कुणाला जास्त नावाजलेलं कॉलेज हवं असतं. कारण कोणतं, त्यावर मार्ग ठरतो, म्हणून ते आधी कागदावर लिहून काढा.

घराजवळ येणं हे कारण असेल तर दुसऱ्या वर्षाला बदली घेणं सगळ्यात सरळ. पण इथे किलोमीटरपेक्षा विद्यापीठाची हद्द जास्त महत्त्वाची ठरते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे आहेत. त्यामुळे पुण्यातल्या संलग्न कॉलेजातून नाशिकच्या संलग्न कॉलेजात गेलात तर अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच आणि पदवीही त्याच विद्यापीठाची. साताऱ्याचं अंतर नाशिकपेक्षा कमी, पण तो जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे. तिथल्या कॉलेजात जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), पात्रता अर्ज आणि विषयांची समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचे विषय सारखे आहेत का याची तपासणी, हे सगळं मागे लागतं.

स्वायत्त कॉलेजांचं प्रकरण याहून अवघड. पुण्यातलं व्हीआयटी त्याच विद्यापीठाशी संलग्न आहे, पण स्वायत्त असल्यामुळे त्याचा अभ्यासक्रम स्वतःचा. सीओईपी हे पुण्यातलं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तर 2022 पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठच झालं आहे. अशा ठिकाणी जाताना किंवा तिथून बाहेर पडताना तुमचे पहिल्या वर्षाचे विषय एकेक करून जुळवले जातात. जे जुळत नाहीत ते दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासासोबत वेगळे द्यावे लागतात. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) नोंदवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात, क्रेडिट जमा आहेत म्हणजे ती नव्या कॉलेजात आपोआप धरली जातील, असा समज अनेक पालकांचा असतो. बँकेत क्रेडिटची नोंद राहते. कोणता विषय मान्य करायचा हे नवी संस्थाच ठरवते.

बदलीतली दुसरी अडचण जागेची. ब्रँचमध्ये जागा रिकामी असली तरच बदली मिळते, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचाही हक्क असतो. कॉम्प्युटरला जागा मिळणं कठीण, सिव्हिल-मेकॅनिकलला तुलनेने सोपं. शिवाय एखादा विषय राहिला असेल तर बहुतेक ठिकाणी दारातूनच परत फिरावं लागतं.

आता पुन्हा सीईटी. यात एक वर्ष जातं, आणि पहिल्या वर्षाची भरलेली फी गेलीच. पण कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, ब्रँच आणि कॉलेज दोन्ही नव्याने निवडता येतात, आणि विषय जुळवण्याची कटकट उरत नाही. माझं स्पष्ट मत असं, की ब्रँच मनापासून नकोशी असेल तरच हा मार्ग धरा, आणि त्याआधी आहे त्याच कॉलेजात ब्रँच बदलून मिळते का ते विचारा. केवळ नावासाठी वर्ष घालवणं मला पटत नाही. मागच्या वेळी पर्सेंटाइल का कमी पडलं याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर वर्षभराने निकाल फार वेगळा लागेल असं धरून चालू नका.

पैशाचा हिशेब दोन्हीकडे नीट मांडा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधून झालेला असणं आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असणं महत्त्वाचं असतं. बदलीनंतर किंवा पहिलं वर्ष पुन्हा केल्यावर ती पुढे चालू राहील का, हे दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. शक्यतो लेखी उत्तर घ्या. ‘जागा मिळवून देतो, वेगळे पैसे द्या’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेण्यावर राज्यात 1987 च्या कायद्याने बंदी आहे, आणि विनापावतीचे पैसे अडकले तर सोडवून आणणं फार अवघड.

बदलीच ठरली असेल तर क्रम चुकवू नका. आधी नव्या कॉलेजकडून जागा असल्याचं लेखी पत्र, मग विषयांची जुळवणी, मग जुन्या कॉलेजची ना हरकत. विद्यापीठाची मंजुरी येईपर्यंत जुन्या कॉलेजातून दाखला काढू नका.