हॅशचा कागद दाखवून विंडोज विकणाऱ्यापासून सांभाळा

राजेहो, यवतमाळ-वाशीम इकडच्या गावांत ज्यांचं ऑनलाइन सेंटर आहे त्यांनी हे जरूर वाचा, कारण तो माणूस अजून फिरून राहिला आहे. ओरिजिनल विंडोज टाकून देतो म्हणतो, पावती फाडतो, आणि कोणी शंका घेतली की बॅगेतून एक लॅमिनेट केलेला कागद काढतो, त्यावर फाईलचा हॅश, म्हणजे फाईल ओळखायची अक्षर-आकड्यांची लांब ओळ, छापलेली असते. खरी फसवणूक त्या कागदातच आहे.

माझ्याकडे तो पीक विम्याच्या गर्दीत आला, लॅपटॉप सारखा अडकत होता, बाहेर सातबारा घेऊन लोकं बसलेले. मी त्याला सरळ विचारलं, हे ओरिजिनलच आहे कशावरून? तर म्हणे, "भाऊ, माह्यावर नका ठेवू भरोसा, तुमीच पाहून घ्या नं." मग त्यानं पेनड्राइव्ह लावला, पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी, उघडली, फाईलचा हॅश काढणारी गेट-फाइलहॅश कमांड दिली, पाच जीबीच्या वरची फाईल म्हणून जरा वेळ लागला आणि स्क्रीनवर ६४ अक्षर-आकड्यांची ओळ आली. कागदावरही तीच ओळ, वर मायक्रोसॉफ्टचा लोगो. बोट ठेवून ठेवून त्यानं पूर्ण ओळ जुळवून दाखवली. अडीच हजार घेऊन गेला.

काही दिवसांनी रिचार्ज आणि लाईट बिलाच्या पोर्टलचं वॉलेट रात्रीतून रिकामं झालं. त्यात लोकांनी बिलासाठी दिलेले पैसे होते, ते मी घरातून भरले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली आणि मग नागपूरला सायबर फॉरेन्सिक शिकणाऱ्या माझ्या मावसभावाला बोलावलं. पेनड्राइव्ह माझ्याकडेच होता, तो कामाला आला.

त्यानं जे सांगितलं ते नीट समजून घ्या. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. नाव बदललं तरी हॅश तोच राहतो, पण आतला एक बाइट जरी बदलला तरी पूर्ण ओळच वेगळी येते. म्हणून दोन हॅश जुळले तर दोन्ही फाईली सारख्या, एवढंच कळतं. ती फाईल कंपनीची आहे की नाही हे हॅश स्वतः सांगत नाही, ते सांगतो तो ज्यानं तुम्हाला जुळवायला आकडा दिला. ह्या माणसानं आधी फाईलमध्ये आपलं सामान भरलं, मग त्याच बिघडवलेल्या फाईलचा हॅश काढून कागदावर छापला. जुळणारच ना!

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ चा, म्हणजे ह्याच ६४ अक्षरी हॅशचा, तक्ता असतो, भाषेप्रमाणे वेगळी ओळ, आणि नवीन व्हर्जन आलं की आकडेही बदलतात, म्हणून व्हर्जन आणि भाषा तीच पाहिजे. मावसभावानं पेनड्राइव्हवर लिहिलेल्याच व्हर्जनची, त्याच भाषेची फाईल कंपनीकडून उतरवली. पहिल्या अक्षरापासूनच वेगळा हॅश. मग आत शोधलं तर एका फोल्डरमध्ये एक जास्तीची फाईल, तिचा हॅश व्हायरसटोटल ह्या फाईलीतले व्हायरस तपासणाऱ्या साईटच्या सर्चमध्ये टाकला तर लाल रांगच लागली, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारी म्हणून. तिथं फाईल चढवायचीही गरज नाही, नुसता हॅश टाकला तरी ती आधी कोणी तपासली असेल तर निकाल दिसतो. गिऱ्हाइकाचे कागद तर तिथं चढवूच नका, चढवलेल्या फाईली बाहेरच्यांना मिळू शकतात.

आणखी एक. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेकडे एनएसआरएल नावाची, ओळखीच्या सॉफ्टवेअर फाईलींच्या हॅशची मोठी यादी आहे. जप्त केलेल्या कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या फाईली बाजूला काढायला तपासवाले ती वापरतात. कोणी म्हणेल आमची फाईल त्या यादीत आहे, तरी हुरळून जाऊ नका, यादीत असणं म्हणजे ओळखीची असणं, चांगली असणं नाही, हॅकिंगची टूल्सही त्यात आहेत. आणि नुसता एमडी५, म्हणजे जुन्या पद्धतीचा हॅश, दाखवला तर त्यावर भागवू नका. दोन वेगळ्या डेटाचा एकच एमडी५ येऊ शकतो हे २००४ मध्येच करून दाखवलंय, एसएचए-१ ह्या दुसऱ्या जुन्या पद्धतीचंही २०१७ मध्ये तेच झालं.

२०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट ह्या विंडोजसारख्याच फुकट सिस्टीमच्या साईटमध्येच घुसून चोरांनी डाउनलोडची लिंक खराब फाईलकडे वळवली होती, तेव्हा त्यांनी खऱ्या फाईलींचे हॅश देऊन लोकांना तपासायला सांगितलं. इतक्या नावाजलेल्या साईटवर हे होतं, तर बॅगेतल्या पेनड्राइव्हचं काय घेऊन बसलात.

ज्यांनी असं विंडोज टाकून घेतलं असेल त्यांनी त्या मशीनवरून काहीच करू नका. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, पोर्टलला फोन करून वॉलेट थांबवा, मशीन पूर्ण पुसून विंडोज कंपनीच्या साईटवरून नव्यानं टाका. पेनड्राइव्ह आणि तो कागद मात्र फेकू नका, फॉरमॅटही करू नका, मशीन पुसायच्या आधी पोलिसांना विचारा. माझ्या तक्रारीला तेच जोडलेत, आणि अजून दोन-चार सेंटरवाल्यांचे पेनड्राइव्ह आले आणि सगळ्यांचा हॅश एकच निघाला तर तो एकाच माणसाचा माल आहे हे दाखवायला बरं पडेल.