गरब्यात ऐकलेली गिटार: दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या नवरात्रीपर्यंत मला हम्बकरवाली (तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपमध्ये दोन कॉइल असलेली), जाड आवाजाची इलेक्ट्रिक गिटारच घ्यायची होती. पैसे साठले होते, रंगसुद्धा ठरला होता. आठव्या रात्री इथे वडोदऱ्यात गरबा खेळताना तहान लागली म्हणून स्टेजच्या कडेला जाऊन उभा राहिलो. हींच, म्हणजे गरब्याचा एक ठेका, चालू होती. ढोल, कीबोर्ड, दोन गायक आणि मागे खुर्चीवर एक गिटारवाले काका. इतक्या ढोलांतून त्यांचा एकेक सूर सुटा ऐकू येत होता, डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, अजिबात नाही. गायिकेने ओळ उचलली की काका करंगळीने व्हॉल्यूमची खुंटी जराशी मागे घ्यायचे, ती थांबली की पुढे. आणि त्याच हाताचा ठेका जराही हलत नव्हता. मी पुढचे दोन राउंड खेळलोच नाही.

म्हणून हम्बकरचा विचार सोडला आणि दिवाळीत स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीचीच घेतली, तीन सिंगल कॉइलची, म्हणजे एकेका कॉइलच्या तीन पिकअपची. (कंपनी मुद्दाम सांगत नाही, मूळ फेंडर परवडत नाही एवढं समजून घ्या.) फेंडरने ही गिटार १९५४ मध्ये आणली तेव्हा पिकअप निवडायच्या स्विचला तीनच जागा होत्या, दोन पिकअप एकत्र वाजावीत म्हणून वाजवणारे तो दोन जागांच्या मधेच अडकवून ठेवायचे, म्हणून १९७७ पासून पाच जागा आल्या. माझा मुक्काम चौथ्या जागेवर, नेककडचं (गिटारीच्या मानेकडचं) आणि मधलं पिकअप एकत्र. गरब्याच्या चालींना तोच आवाज शोभतो.

आता तक्रारी. पहिल्याच दिवशी ॲम्प लावला आणि आई स्वयंपाकघरात मिक्सर बघायला गेली! सिंगल कॉइल ५० हर्ट्झची घरघर उचलतंच, त्यात आमचं दांडिया बाजारातलं घर जुन्या वायरिंगचं. हम्बकर निघाला तो हीच घरघर मारायला. चौथ्या जागेवर, आणि दुसऱ्या जागेवरही, ती जाते, कारण माझ्या गिटारीत मधलं कॉइल उलटं गुंडाळलेलं आहे. बाकी जागांवर मी खिडकीकडे तोंड करून बसतो, निम्मी कमी होते.

पावसाळ्यात नेकचा बाक वाढला, तारा वर आल्या. ॲलन कीने ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या सळईला) पाव फेरा दिला, भागलं.

खरी फजिती गणपतीत झाली. मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला पहिली तार तुटली आणि बाकीच्या पाचही सुरातून चढल्या. तरंगता ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो, लाकडाला न टेकलेला भाग) म्हणजे एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. एक तार गेली की स्प्रिंगा जिंकतात. उरलेलं गाणं टाळ्या वाजवून काढलं. घरी येऊन मागचे स्क्रू आवळले, ब्रिज लाकडावर टेकवला. ट्रेमोलो, म्हणजे दांडीने सूर वरखाली करणं, आता फक्त खालच्या बाजूला चालतो, मला तेवढा पुरे.

व्हॉल्यूम कमी केला की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा व्हायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून खुंटीवर एक छोटा कपॅसिटर डकवून घेतला. या गिटारीवर केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच.

मेटल वाजवणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये. मला बदलायची नाही. पण काकांचा तो आवाज अजून निघालेला नाही: करंगळी खुंटीपर्यंत पोचते, परत येईपर्यंत हींचेचा ठेका चुकलेला असतो. यंदा त्याच मैदानाचा पास काढलाय, खेळायचा नाही, नुसता बघायचा.