सेन्सरवाला कंपोस्ट डबा: डबा घ्या, ॲपच्या नादी लागू नका

चार महिने झाले वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. इथेच इंदूरला एका नर्सरीतून घेतला, एकावर एक दोन डबे, खाली तोटी, सोबत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट, कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी आणि झाकणात सेन्सर, जो तापमान आणि ओल मोबाईलवर दाखवतो. खोक्यावर "उद्याच्या शहराचं स्मार्ट किचन" असं छापलंय. इंदूरकरांना हे सांगताय होय! १९१८ साली होळकर दरबाराला शहराचा आराखडा लिहून देणारे पॅट्रिक गेडिस मूळचे बायोलॉजीवाले होते, आणि नंतर १९२४ ते ३१ इथेच राहून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डनी पालापाचोळा, शेण, राख यांच्या थरांतून खत करायची जी पद्धत बसवली तिला जग आजही इंदूर मेथड म्हणतं.

असो. डबा चांगलाय. प्लास्टिक जाड, उन्हात गच्चीवर ठेवूनही चिरलं नाही. भाजीची देठं, केळ्याची सालं, उरलेले पोहे (शेव काढून, त्यात तेल मीठ फार) आणि दर वेळी वर मूठभर वाळकी पानं. पानं विसरलात की वास सुटतो, मग बायको तुमच्याकडे बघते ते बघणं सेन्सरपेक्षा अचूक. तोटी चहाच्या चोथ्याने तुंबते, आतून जाळीचा तुकडा लावा, कंपनीने द्यायला हवा होता. श्रावणात आत मोठ्या राखाडी अळ्या झाल्या, आईने डबा फेकायलाच काढला होता, पण त्या काळ्या सोल्जर माशीच्या, त्रास काही नाही, उलट कचरा भराभर फस्त करतात.

खरी बोंब ॲपची. त्याला ५५ डिग्री हवी, तोवर "प्रक्रिया सुरू नाही" अशी लाल पट्टी. अहो एवढ्याशा डब्यात ५५ कुठून येणार, मोठ्या ढिगात मधली ऊब आतच कोंडते म्हणून तो साठच्या वर जातो, बादलीएवढ्या कचऱ्याची ऊब चारी बाजूंनी निघून जाते. माझा कधी चाळीसच्या वर गेला नाही आणि खत मात्र होत होतं, आत हात घातला की कोमट, पांढरी बुरशी धरलेली. हेल्पलाईनला फोन केला तर "सर, और कल्चर डालिए". पुडी २५० रुपयांची! नर्सरीतला माळी हसला, म्हणे "भिया, पुराना खाद डाल दो मुट्ठी भर". तेच करतोय, झकास चालतं.

कोणी म्हणेल ओला कचरा गाडीत टाकला की झालं, कचऱ्यापासून गॅस करणारा आपला देवगुराडियाचा प्लांट रोज ५५० टन पचवू शकतो आणि त्या गॅसवर सिटीबस पळतात. बरोबर आहे, मीही अर्धा गाडीतच देतो. फक्त तिथे हवा बंद करून गॅस काढतात आणि घरी उलट हवा लागते, म्हणून दोन दिवसांनी काठीने हलवायला आळस करणाऱ्यांनी हा डबा घेऊच नये.

डब्याला चार स्टार, ॲपला शून्य. काल रात्री परत मेसेज, "आपले कंपोस्ट अद्याप तयार नाही". ते मेथीच्या कुंडीत जाऊन आठ दिवस झाले.