जांबोटीच्या पावसात तीन कापडं: नऊ महिने वापरल्यावर

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात माग आहेत, त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की चिमटीत धरून उजेडासमोर बघायची खोड आहे. गेल्या मृगाच्या तोंडावर टेंट घ्यायचा ठरला तेव्हा वाटलं, आपल्याला कोण फसवतंय! डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण माग बघून कापड कळतं, पाऊस नाही कळत.

जून ते फेब्रुवारी बारा-तेरा रात्री बाहेर काढल्या. बहुतेक जांबोटीजवळ मामाच्या शेतात (भीमगड अभयारण्यात मनाला येईल तिथं खुंट्या ठोकता येत नाहीत), एक कणकुंबीला, दोन राजहंसगडाच्या पायथ्याला.

माझा स्वतःचा टेंट दुहेरी: आत जाळीचा, वर पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचा पॉलिएस्टर फ्लाय, म्हणजे पाऊस झेलणारं बाहेरचं कापड, ७५ डेनियर, ३००० मिमी. या मिमीचा अर्थ एवढाच, की कापडावर नळी उभी करून पाणी भरत गेलं तर तीन मीटर उंची गाठेपर्यंत ते आत झिरपत नाही. छताला तेवढं पुरून उरतं. जमिनीचं गणित वेगळं. चिखलावर गुडघा टेकला की तेवढ्या जागी दाब कितीतरी वाढतो, आणि तिथंच माझी पहिली सतरंजी भिजली. तेव्हापासून खाली ताडपत्रीचा तुकडा टाकतो. फक्त तो टेंटच्या काठाबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर फ्लायवरून ओघळलेलं पाणी आपणच थाळीत झेलल्यासारखं होतं.

दुसरा टेंट बेंगळुरात नोकरीला असलेल्या दोस्ताचा. एकेरी भिंतीचा, नायलॉनवर मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, चिकटवलेला, ‘श्वास घेणारा’. माझ्या टेंटच्या किती पट किमतीचा ते सांगत नाही, त्याच्या घरचे वाचतील. हे मेम्ब्रेन प्रकरण तसं भारी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतले संशोधक बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच, झटक्यात ताणून बघितलं आणि त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. त्यातून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. जुलैत आम्ही दोघं मोठ्या विश्वासानं त्यात झोपलो. रात्री दोनला दोस्त उठून बसला.

“कुठं गळायलंय रे हे?”

बॅटरी लावून बघितलं. गळती असती तर शिवणीच्या रेघेनं एका जागी ठिबकली असती. इथं सगळ्या छतावर बारीक थेंब, आणि डोक्याच्या बाजूला जास्त. टॉवेलनं पुसलं, अर्ध्या तासात परत हजर. तो आमचाच श्वास होता. झोपलेला माणूस रात्रीत पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो, आणि आम्ही दोघं.

मग कापड कुठं चुकलं? कुठंच नाही. वाफ जास्त दमट बाजूकडून कमी दमट बाजूकडं जाते. जुलैत जांबोटीला बाहेरची हवाच पाण्यानं गच्च. वाफेनं जायचं कुठं? त्यात वरच्या नायलॉनवरचा पाणी झटकणारा लेप झिजलेला, म्हणून कापड बाहेरून भिजून पाण्याचा थर बसला. शिवाय नायलॉन पाणी पितं, पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही, त्यामुळे मध्यरात्री तो सैल पडून आमच्या नाकाला टेकला. डिसेंबरात राजहंसगडाजवळ कोरड्या थंडीत तोच टेंट नेला तर सकाळी आत जेमतेम दमट. दोस्ताला किती आनंद झाला!

त्याच जुलैत, आठवड्यानं, माझा दुहेरी टेंट तिथंच लावला. फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब होतेच. पण ते जाळीबाहेरून ओघळून जमिनीत गेले, कारण मध्ये चार बोटं हवा होती आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या. पावसात खिडकी बंद करायचा मोह होतो, तो आवरायचा. पैसे मोजताना मी आता कापडाच्या नावाआधी हे बघतो: फ्लाय आणि जाळी एकमेकांना चिकटतात का, वर झरोका आहे का, शिवणींवर पट्टी आहे का.

तिसरं कापड आमच्या ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेतलं: सूत-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हासचं ३ बाय ४ मीटरचं छप्पर. कोरडं साडेतीन किलोच्या आसपास, भिजल्यावर गाडीला बांधताना शिव्या. पहिल्या पावसात ते शिवणीतून फवारा मारत होतं. दोन-तीनदा भिजवून वाळवलं, सूत फुगून भोकं मिटली, मग बंद झालं. आतून बोट लावायचं नाही हे मामानं सांगितलं. मी लावलं, आणि तिथूनच पाणी उतरलं. पण त्याखाली बसल्यावर कोंडल्यासारखं होत नाही. चुलीच्या ठिणग्यांनाही ते पॉलिएस्टरसारखं लगेच वितळत नाही. आज्जा घोंगड्याची खोळ घेऊन चिखलणीला जायचा, त्याच जातीचा हा प्रकार: थोडं पाणी अंगावर घेऊन बाकीचं झटकायचं.

माझी एक चूक मात्र टेंटच्या माथी मारू नका. सप्टेंबरात ओला फ्लाय पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला. दिवाळीच्या साफसफाईत काढला तेव्हा काही ठिकाणी पीयूचा लेप चिकट झालेला आणि आंबूस वास. असा लेप पुन्हा कोरा होत नाही. शिवणींना नवीन पट्टी लावून सध्या भागवतोय.

कॅनव्हास नोव्हेंबरात मामाच्या थोरल्यानं खळ्यावर भात झाकायला नेलं. “भात आत पडलं की देतो,” म्हणाला होता. भात आत पडून दोन महिने झाले. परवा फोन केला तर म्हणाला, “आता काजूचं बघू या की, मग देतो.”