जोडगोळी की एकटी गोळी? नाकाच्या अ‍ॅलर्जीचं औषध निवडताना

पाऊस ओसरला, पुण्यातल्या मोकळ्या प्लॉटांवर गाजरगवत पांढरं झालं आणि माळ्यावरचे डबे दिवाळीसाठी खाली आले, की माझं नाक वाहायला लागतं. सकाळी पंधरा-वीस शिंका, मग डोळ्यांना खाज, मग मेडिकलची पायरी. काउंटरवरून प्रश्न येतो, "साधी देऊ की एलसी?" आणि आपण पाच सेकंदांत "एलसीच द्या, जरा स्ट्राँग" म्हणून मोकळे होतो. दोन औषधं आहेत म्हणजे दुप्पट गुण, असा आपला हिशेब असतो. तो बऱ्याचदा चुकतो.

आधी नावं उलगडू. गोळीच्या नावामागचं 'एलसी' म्हणजे लेव्होसेटिरिझिन, 'एफएक्स' म्हणजे फेक्सोफेनाडिन. यांच्या सोबतीला बहुतेक वेळा मॉन्टेलुकास्ट असतं. नावात 'कोल्ड' असेल तर ते प्रकरणच वेगळं, त्यात साधारण तीन औषधं एकत्र असतात. एक ब्रँड संपला की दुसरा हातात येतो, त्यामुळे पुढच्या मोठ्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचावीत.

साधी गोळी आणि एलसी

साधी गोळी म्हणजे एकटं अँटिहिस्टामिन, अ‍ॅलर्जीची लक्षणं दाबणारं औषध: सेटिरिझिन १० मिग्रॅ, लेव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ किंवा फेक्सोफेनाडिन १२० अथवा १८० मिग्रॅ. शिंका, खाज आणि वाहतं नाक यांवर ती तासा-दोन तासांत काम करते. चोंदलेल्या नाकावर मात्र तिचा फारसा जोर चालत नाही. सेटिरिझिननं अनेकांना झोप येते, लेव्होसेटिरिझिननंही येऊ शकते. सकाळी दुचाकीवरून ऑफिस गाठायचं असेल तर फेक्सोफेनाडिन बरं. पण ती गोळी पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती शरीरात नीट शोषली जात नाही, आणि पित्तावरचं अँटासिड लगोलग घेतलं तरी तेच होतं. किडनीचा त्रास असेल तर सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनचा डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

एलसीमध्ये याच लेव्होसेटिरिझिनला १० मिग्रॅ मॉन्टेलुकास्ट जोडलेलं असतं. मॉन्टेलुकास्ट मुळात दम्याच्या घरातलं औषध. ज्याला नाकाच्या अ‍ॅलर्जीबरोबर दमाही आहे, रात्री छातीत शिट्टी वाजते, त्याला या जोडीचा खरा उपयोग होऊ शकतो. नुसत्या शिंकांसाठी मात्र त्या दुसऱ्या औषधाची गरज बहुतेकांना नसते.

आणि ते औषध फुकट येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, मार्च २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टवर सर्वांत कडक प्रकारचा, चौकटीतला इशारा छापायला लावला. कारण मनावर होणारे परिणाम: वाईट स्वप्नं, झोप उडणं, चिडचिड, नैराश्य आणि क्वचित आत्महत्येचे विचारही. नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी बाकीच्या औषधांनी भागत नसेल किंवा ती सोसत नसतील तरच हे वापरावं, असंही तेव्हा सांगितलं गेलं. बहुतेकांना यातलं काही होत नाही. पण आपल्याकडे लहान मुलांना याच जोडीचं सिरप सर्रास दिलं जातं, आणि पोरगं रात्री दचकून उठायला लागलं तर आई-बाबा दृष्ट काढतात, बाटलीकडे कुणाचं लक्ष जात नाही. स्वभावात असा बदल दिसला की लगेच डॉक्टरांना फोन करावा.

एक अडचण कुठल्याही जोडगोळीत असतेच. झोप फार येते म्हणून त्यातलं एकच औषध कमी करता येत नाही, आणि त्रास झाला तर तो कुणामुळे झाला हे कळत नाही. मी दोन वर्षं एलसी घेतली. दुपारची पेंग मॉन्टेलुकास्टमुळे येते असं मला वाटायचं, निघालं भलतंच.

'कोल्ड' गोळी

यात साधारणपणे पॅरासिटामॉल, नाक मोकळं करण्यासाठी फेनिलेफ्रिन आणि एक अँटिहिस्टामिन असतं, बहुधा जुनं, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, मग पॅरासिटामॉल कशाला? आणि फेनिलेफ्रिनची गंमत अशी की पोटातून घेतलेलं हे औषध रक्तात पोचेपर्यंत बरंचसं मोडून जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं की नेहमीच्या डोसमध्ये तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकाला उपयोग होत नाही. आपल्याकडेही क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात सर्दी-अ‍ॅलर्जीची काही मिश्रणंही होती. घरात जुनी पट्टी पडली असेल तर ती वापरण्याआधी मेडिकलमध्ये दाखवा.

रक्तदाब असेल तर फेनिलेफ्रिन नको. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर क्लोरफेनिरामिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, प्रोस्टेटवाल्यांची तर लघवी अडकू शकते. म्हणजे घरातल्या ज्येष्ठांसाठी ही गोळी जवळजवळ बादच. माझ्या लेखी नुसत्या अ‍ॅलर्जीसाठी ती कुणालाच नको.

नाकातला स्प्रे

मेडिकलवाला हा सहसा आपणहून सुचवत नाही, आणि आपणही "स्टेरॉइड" शब्द ऐकून मागे सरतो. पण नाक रोज चोंदत असेल आणि त्रास महिनोन्‌महिने चालत असेल, तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्प्रे गोळ्यांपेक्षा चांगलं काम करतो. औषध नाकातच राहतं, रक्तात फार थोडं जातं. मात्र धीर हवा. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून सोडून देतात. डोकं किंचित पुढे झुकवायचं, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर बसला तर रक्त येतं. फवाऱ्यानंतर जोरात हुंगायचं नाही.

यातही जोडी मिळते: फ्लुटिकासोन आणि अझेलास्टिन हे अँटिहिस्टामिन. गोळ्यांतल्या जोड्यांपेक्षा हीच मला जास्त पटते, कारण दोन्ही औषधं नाकातच काम करतात आणि गुणही लवकर येतो. घशात उतरणारी कडू चव सोसावी लागते, आणि थोडी झोपही येऊ शकते. नाक झटक्यात मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब यात धरू नका. ते तीन ते पाच दिवसांपुरतेच. पुढे चालू ठेवले तर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

मग घ्यायचं काय?

अधूनमधून शिंका येत असतील तर एकटी गोळी, गरज असेल तेव्हा. रोजचा त्रास आणि बंद नाक असेल तर डॉक्टरांना विचारून स्प्रे. दमा सोबत असेल तर एलसीचा विचार डॉक्टरांशी बोलून. अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी करायची असेल तर अँटिहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, एलसी घेणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. आणि सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन अचानक सोडलं तर क्वचित अंगभर भयंकर खाज सुटते, तसा इशारा एफडीएनं २०२५ मध्ये दिला. ती नवी अ‍ॅलर्जी समजू नका.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांचा औषधांचा डबा आवरायला घेतला. रात्री एलसी, दिवसातून तीनदा कोल्ड गोळी, खोकल्याचं सिरप, आणि अंग दुखतं म्हणून तीनदा ६५०ची पॅरासिटामॉल. कोल्ड गोळीतलं ५०० धरून पॅरासिटामॉलच दिवसाला ३४५० मिग्रॅ झालं. धडधाकट माणसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि सासरे सत्तरीतले, अंगानं किरकोळ. लेव्होसेटिरिझिन एलसीत, क्लोरफेनिरामिन कोल्ड गोळीत आणि पुन्हा सिरपमध्ये. दिवसभर पेंगतात ते वयामुळे, असं घरात सगळे धरून चालले होते. डॉक्टरांनी यादी पाहून निम्मी औषधं काढली. उरलेल्या प्रत्येक पट्टीवर सासूबाईंनी आता स्केचपेननं लिहून ठेवलंय: 'झोपेची', 'तापाची', 'नाकाची'.