लाकडी कारपोर्ट: 14 महिन्यांनंतर काय टिकलं, काय हललं

गेल्या 14 महिन्यांत माझ्या या कारपोर्टने, म्हणजे गाडी उभी करायच्या उघड्या बाजूंच्या छपराने, कडक ऊन पाहिलं, धो धो पाऊस पाहिला, दोन वादळी रात्री काढल्या आणि माझ्याच गाडीच्या दाराचा एक दणका खाल्ला. उभा झाला त्या आठवड्यात अनुभव लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच भीती होती, ती म्हणजे हे पडेल का. म्हणून खांब 15 सेंमी चौरस घेतले, तुळया 20 सेंमी उंचीच्या. जाड लाकडाने मला आजवर एकदाही छळलं नाही. छळलं ते चिमूटभर जागेत साचलेल्या पाण्याने, आणि तिकडे मी बघितलंच नव्हतं.

आधी काय बांधलं ते सांगतो. घराच्या बाजूला, पण भिंतीला न टेकवता, सहा खांबांवर एकपाखी छप्पर. लांबी 5.5 मीटर, रुंदी 3.2 मीटर. लाकूड पाइनचं, दाबाखाली औषध मुरवलेलं. वर 10 मिमीची दुधी पॉलिकार्बोनेट शीट, म्हणजे आतून पोकळ नळ्या असलेला प्लास्टिकचा पत्रा. उतार साधारण 5 अंशांचा, म्हणजे रुंदीत एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत 28 सेंमी खाली. पाणी घराच्या उलट दिशेला जातं. परवानगी आणि हद्दीपासूनचं अंतर या गोष्टी खड्डे खणायच्या आधी तपासा, एवढंच त्याबद्दल.

आखणीत मी फार हुशारी केली असं मला वाटत होतं. गाडी जागेवर लावली, चारही दारं उघडली आणि फक्कीने जमिनीवर खुणा केल्या. मधला खांब पुढच्या आणि मागच्या दाराच्या बरोबर मध्ये येत होता, अगदी नेमका. दोरी लावून काटकोन काढला, दोन्ही कर्ण मोजून मिळवले, मग खणायला घेतलं. सगळं झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी गाडी लावली, दार उघडलं आणि धाडकन खांबावर! मापं घेतली तेव्हा गाडीचं तोंड आत होतं. रोज मी रिव्हर्स घेऊन लावतो. त्यामुळे दारं अर्ध्या मीटरने मागे सरकली आणि मधला खांब चालकाच्या दारासमोर आला. खांब काही हलणार नव्हता, म्हणून चाकाचा अडसर 45 सेंमी पुढे आणला. आता दार सुटतं, पण तिरपा पाऊस आला की बॉनेट भिजतं. मापं घ्यायची तर गाडी रोज लावता तशीच लावून घ्या. हे वाचून हसू येईल, मलाही येतं, पण 14 महिने रोज येतं.

पायाबद्दल मात्र मी स्वतःवर खूश आहे. छप्पर वाऱ्याने पडत नाही, उचललं जातं. बाजूला भिंती नसल्या की वारा खालून शिरतो आणि शीटला वर ढकलतो. ताशी 108 किमी वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे साधारण 55 किलो भरतो. माझं छप्पर साडेसतरा चौरस मीटरचं, म्हणजे हिशेब टनाजवळ जातो. लाकूड आणि शीट मिळून तेवढं वजन होतच नाही. म्हणून प्रत्येक खांबाखाली 40 बाय 40 सेंमीचा, 60 सेंमी खोल काँक्रीटचा ठोकळा ओतला. एकेक सव्वादोनशे किलोच्या वर जातो. खांब, तुळई, वासा सगळीकडे बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या, नुसत्या खिळ्यांवर काहीच नाही. दोन्ही वादळी रात्री मी खिडकीत उभा होतो. शीट गुरगुरली, पण खांब जागचे हलले नाहीत.

तिरक्या आधारांची गोष्ट वेगळी. खांब आणि तुळया चढल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा बाजूला व्हा," आणि त्याने एका हाताने कोपऱ्यातला खांब ढकलला. सगळा सांगाडा डोलला, पाळण्यासारखा! मी घाबरलो. मग प्रत्येक कोपऱ्यात खांबापासून तुळईपर्यंत 45 अंशांत आखूड आधार बसवले आणि पुन्हा ढकललं. ढिम्म. लाकूड तेच, पण चौकोनाला त्रिकोण मिळाला. हे आधार दिसायला आड येतात म्हणून गाळायचा विचार कुणी करत असेल तर आधी असा एक धक्का देऊन बघावा.

आता खरी कटकट. लाकूड आणलं तेव्हा ते आतून ओलं होतं, औषध मुरवलेलं लाकूड बहुधा तसंच येतं. ते जागेवर वाळतं आणि वाळताना आकसतं. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत भरपूर. माझी 200 मिमीची तुळई सहा महिन्यांनी 195 भरली. बोल्ट मात्र आकसत नाही. त्यामुळे जो सांधा मी जीव खाऊन आवळला होता, त्याचा वॉशर एका सकाळी बोटाने फिरला. पाना लावला तर दीड वेढा बसला. 12 मिमीच्या बोल्टला एका वेढ्याला 1.75 मिमी, म्हणजे अडीच मिमीपेक्षा जास्त फट पडलेली. मी सगळे सांधे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आवळले. बाराव्या महिन्यात पाव वेढाही फिरला नाही. म्हणून बोल्टची डोकी लाकडाच्या खोबणीत लपवू नका. माझे चार लपवलेत, त्यांच्याशी झटताना दर वेळी बोटं सोलवटतात.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. माझं घर जागेवर होतं, तरी एक वासा फिरलाच. त्याला पीळ पडला, शीटचा स्क्रू तिरका झाला आणि तिथून थेंब गळायला लागला. दोष माझाच. ढिगाऱ्यातून उचलतानाच त्याच्या गाठी आणि तिरके तंतू दिसत होते, पण एकच कमी पडत होता म्हणून वापरला.

खांबांना चिरा पडल्या तेव्हा मी हादरलो. एका खांबाला उभी चीर, जाड नाणं आत जाईल एवढी. घाईघाईत तिच्यात पुट्टी भरली. नंतर ओळखीचे सुतारकाका आले. "काका, ही वाढली तर खांब जाईल का हो?" त्यांनी चिरेवरून नख फिरवलं. "आरपार गेलीय का? नाही ना? मग राहू द्या. आणि हे जे भरलंय ना, ते आधी काढा." लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या कडेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आकसतं. त्यामुळे गाभा पोटात असलेला चौरस खांब कुठेतरी फाटणारच. पुट्टी काढताना तिच्यामागे पाणी अडकलेलं सापडलं. उघडी चीर वाळते, बुजवलेली भिजत राहते.

आणि खांबांचा तळ. खांब जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी बुटांत बसवले होते, जमिनीपासून 5 सेंमी वर. वाटलं, सुटलो. अकराव्या महिन्यात पन्हळीखाली वाकलो तेव्हा दोन खांबांचे तळ काळपट दिसले. खिशातल्या चाकूचं टोक टेकवलं तर ते लोण्यात जावं तसं गेलं, फार नाही, चार-पाच मिमी. ओलावा मोजायचं यंत्र मागून आणलं. कमरेच्या उंचीला 15 टक्के, तळाशी 27. 20 टक्क्यांच्या खाली राहिलेलं लाकूड सहसा कुजत नाही, वर गेलं की बुरशीला रान मोकळं. कारणं दोन निघाली. हे दोन खांब मी जागेवर कापून आखूड केले होते आणि कापलेल्या टोकाला औषध लावायला विसरलो. दाबाने मुरवलेलं औषध बाहेरच्या थरातच जास्त असतं, कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. शिवाय कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची जुडीच, पाणी सरळ वर ओढून घेतं. दुसरं, बुटाचा तळ सपाट, पाणी जायला भोकच नाही. खांब जणू ताटलीत उभे होते.

दुरुस्ती गाडीच्याच जॅकने केली. जॅकवर एक ओंडका उभा करून तुळईला टेकू दिला, खांब बोटभर उचलला, मऊ झालेलं खरवडलं, चार दिवस वाळू दिलं, मग टोकाला औषधाचे तीन हात. बुटाला दोन भोकं पाडली, कापलेल्या कडांना जस्ताचा रंग लावला आणि खांबाखाली प्लास्टिकच्या चकत्या सरकवल्या. परवा पुन्हा मोजलं, 17 टक्के. हेच उभारणीच्या दिवशी दहा मिनिटांत झालं असतं.

पन्हळ मी सुरुवातीला लावलीच नव्हती. पागोळ्या पडल्या की बऱ्या दिसतात, पण जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे खांबांना गुडघ्यापर्यंत भिजवतात. आता पन्हळ आहे, मीटरला 5 मिमी उताराची.

शीटबद्दल दोन तक्रारी, दोन्ही माझ्या अडाणीपणाच्या. पॉलिकार्बोनेट उन्हात लांबतं. साडेतीन मीटरच्या शीटमध्ये 40 अंशांच्या फरकाने साधारण 9 मिमी फरक पडतो. मी भोकं स्क्रूच्या मापाचीच पाडली होती, त्यामुळे रोज सकाळी ऊन चढलं की छपरावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटायचं. भोकं मोठी केल्यावर टिचक्या बंद. दुसरं म्हणजे शीटच्या नळ्यांची तोंडं. वरच्या टोकाला पूर्ण बंद पट्टी आणि खालच्या टोकाला हवा खेळेल अशी सच्छिद्र पट्टी लागते. मी दोन्हीकडे बंदच चिकटवली. आत वाफ अडकली आणि आज दोन शीटांच्या पोटात हिरव्या रेघा आहेत. त्या निघत नाहीत, मी सगळं करून पाहिलंय. बाकी दुधी शीट घेतली ते बरं झालं. खाली उजेड भरपूर, आणि स्टिअरिंगला हात लावताना पूर्वीसारखा चटका बसत नाही. दुपारी गाडी गरम होते, नाही असं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात गाठींमधून राळ पाझरली आणि बॉनेटवर पिवळे थेंब पडले. आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाले, पण वेळेवर पुसायला हवेत. दुसरा उन्हाळा जवळजवळ कोरडा गेला.

रंगाच्या बाबतीत मी नकळत प्रयोग केला. दर्शनी तुळई चमकावी म्हणून तिला पारदर्शक व्हार्निश, बाकी सगळ्याला रंगीत मुरणारं तेल. आठव्या महिन्यात उन्हाच्या बाजूचं व्हार्निश पापुद्रे धरून सुटलं. पारदर्शक थरातून ऊन आत जातं, खालच्या लाकडाचा वरचा पदर मारतं आणि मग थराला धरायला काही उरत नाही. ते सगळं खरवडायला एक पूर्ण दिवस गेला. तेल नुसतं फिकं झालं, ब्रशने पुसलं, पुन्हा एक हात दिला, दुपारी मोकळा.

आता वर्षाला अर्धा दिवस बोल्ट आणि पन्हळ, एक दिवस तेल, एवढी सेवा धरून चालतो. एवढीही नको असेल तर लोखंडी सांगाडा घ्या, मी वाद घालणार नाही. मला मात्र पावसात त्याखाली खुर्ची टाकून बसायला आवडतं, आणि हे गाडीसाठी बांधलंय याची आठवण घरचे करून देतात. मागच्या आठवड्यापासून मधल्या तुळईला खालून बोट जाईल एवढं गोल भोक दिसतंय, खाली भुशाची छोटी रास. काळा भुंगा आहे. रविवारी शिडी लावून तेवढं बघायचं आहे.