हिरोशिमा पीस मेमोरियल म्युझियम: अर्धा दिवस राखून जा

जपान ट्रिपमध्ये हिरोशिमा असेल तर हे म्युझियम घाईत उरकू नका प्लीज. तिकीट मोठ्यांना फक्त २०० येन, नववीपर्यंतच्या मुलांना फ्री. ट्रामने गेन्बाकू डोमच्या (बॉम्बनंतर उभी राहिलेली घुमटाची पडकी इमारत) स्टॉपला उतरायचं आणि पार्कातून चालत जायचं.

मला वाटलेलं सगळं अणुबॉम्बचंच असेल, तापमान, रेडिएशन वगैरे. ते आहेच. पण मी अडकलो एका डब्यापाशी. जेवणाचा डबा, आत अन्नाचा पार कोळसा झालेला. तो ज्याचा होता तो मुलगा आपल्याकडच्या सातवीतला, माझा पोरगाही सातवीतच आहे, त्यामुळे पाय हलेचनात. आणि तो मुलगा त्या सकाळी शाळेत नव्हता, घरं पाडायच्या कामावर होता! मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बर विमानांनी एका रात्रीत टोकियो जाळलं, सुमारे १ लाख माणसं गेली. अशी आग लागली तर ती पसरू नये म्हणून जपानी शहरांत घरं पाडून मोकळे पट्टे काढत होते आणि मोठी माणसं सैन्यात, कारखान्यात, मग हे काम शाळेतल्या पोरापोरींवर आलं. ६ ऑगस्टला ७:३१ ला विमानहल्ल्याचा इशारा मागे घेतला, पोरं उघड्यावर कामाला लागली, ८:१५ ला बॉम्ब फुटला. सुमारे ८ हजार मुलं त्या कामावर होती, त्यातली ६ हजारांच्या आसपास गेली.

आपण शाळेत युद्ध शिकतो ते सीमा, सैन्य, आघाडी असं. बॉम्बर विमानं आली आणि आघाडी थेट गल्लीत आली, बॉम्ब पडायच्या आधीच बारा-तेरा वर्षांची मुलं युद्धाला जुंपली गेली होती, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकलपण आहे, वडिलांनी त्याच्यासोबत पुरलेली, चाळीस वर्षांनी बाहेर काढून म्युझियमला दिली. अगदी लहान मुलांना मेन बिल्डिंगमध्ये नेताना विचार करा, भाजलेल्या माणसांचे फोटो आहेत. ऑडिओ गाइड जरूर घ्या. गर्दी नको असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा.

माझ्याकडून ५ पैकी ५. बाहेर पडलात की पार्कच्या दक्षिणेला १०० मीटर रुंद पीस बुलेव्हार्ड आहे, त्यावरून थोडं चाला. तो रस्ता त्याच मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर बांधलाय.